‘समाज’ कोणत्या मजल्यावर राहतो?

‘समाज’ हा शब्द मराठी माणूस दिवसाकाठी किती वेळा उच्चारतो, याची मोजदाद कोणी केलेली नाही. केलीच तर तो आकडा ‘चहा’ या शब्दाच्या खालोखाल निघेल, अशी माझी अटकळ आहे. पुढारी समाजाला हाक मारतात, वर्तमानपत्रे समाजाला जाब विचारतात, आणि कादंबरीतली नायिका ‘समाज काय म्हणेल?’ या एकाच प्रश्नावर तीनशे पाने रडते. परंतु एखाद्या भाबड्या माणसाने मध्येच विचारले, की ‘अहो, हा समाज राहतो तरी कोठे? त्याचा पत्ता द्या,’ तर भल्याभल्यांची पंचाईत होते.

ठाण्याच्या घोडबंदर रोडवर हा प्रश्न विचारला तर दोन उत्तरे मिळतात. पहिले उत्तर रस्त्याच्या कडेच्या फलकांवर असते. अमक्या समाजाचा वधूवर मेळावा, तमक्या समाजातील गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार, आणखी कोणत्या समाजाचे कोजागिरीचे दूध. येथे समाज म्हणजे जात, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. दुसरे उत्तर फाटकावरच्या वॉचमनकडे असते. ‘सोसायटी’ म्हटले की त्याच्या डोळ्यांपुढे चार विंग, आठ लिफ्ट आणि गच्चीवरची पाण्याची टाकी उभी राहते. ज्या शब्दाने इंग्रजी ग्रंथकार अवघी मानवी व्यवस्था दाखवतात, तो येथे कुंपणाच्या भिंतीपाशी येऊन थांबतो. म्हणजे गंमत पाहा. मराठी शब्द घ्यावा तर तो जातीत मावतो, आणि इंग्रजी शब्द घ्यावा तर तो इमारतीत मावतो! सगळ्यांना मिळून लावायचा शब्दच आपल्याजवळ उरलेला नाही.

मी मराठीचा अध्यापक. समाजशास्त्र हा माझा विषय नव्हे. परंतु कला शाखेची मुले त्या शास्त्राची मराठी पुस्तके घेऊन माझ्याकडे येतात. त्यांची तक्रार शास्त्राविषयी नसते, शब्दांविषयी असते. ‘सर, हे मराठीच आहे ना?’ असे ती विचारतात. अर्पित दर्जा, अर्जित दर्जा, अंतर्विवाह, बहिर्विवाह, लोकनीती, संस्कृतीकरण! हे शब्द ऐकून कोणाही सरळ माणसाची छाती दडपावी. त्यांना मी एकच सांगत आलो आहे, की या शब्दांचे अर्थ कोशात पाहण्याआधी कॉलेजच्या फाटकाबाहेर पाहा. घोडबंदर रोडवर राहणाऱ्याला तर समाजशास्त्राची प्रयोगशाळा दाराशीच आहे.

हा रस्ता माजिवड्याहून निघतो तो सुमारे वीस किलोमीटरांवर घोडबंदरला जाऊन पोहोचतो. डाव्या हाताला येऊरचे डोंगर, उजव्या हाताला उल्हास नदीची खाडी. टोकाला पोर्तुगीजांनी बांधलेला आणि १७३७ साली मराठ्यांनी घेतलेला किल्ला. मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळा, गायमुख ही नावे आधी गावांची आणि पाड्यांची होती. बसथांब्यांची ती नंतर झाली. आगरी, कोळी आणि डोंगरातले वारली ही इथली जुनी वस्ती. १९९१ साली ठाणे महापालिकेच्या हद्दीत सुमारे आठ लाख माणसे राहत होती. २०११ च्या जनगणनेत ती अठरा लाखांवर गेली. त्या भरतीचे पाणी भातखाचरांवरून ज्या दिशांना पसरले, त्यांत हा रस्ता ठळक. आज भाताच्या जागी टॉवर आहेत आणि दोन टॉवरांच्या मधल्या फटीत गावठाण आहे.

समज आणि समाज

आधी शब्दाची जन्मपत्रिका पाहू. पाणिनीने ‘समज’ आणि ‘समाज’ यांत बारीक भेद केला आहे. गुराढोरांचा कळप तो ऱ्हस्व ‘समज’, आणि माणसांचा मेळा तो दीर्घ ‘समाज’. अमरकोशही हेच सांगतो. कळप आणि समाज यांत एका कान्याचे अंतर! मराठीने पुढे ‘समज’ या शब्दाला शहाणपणाच्या अर्थाने जवळ केले, हा आणखी एक विनोद. काही सभांमध्ये समज कमी आणि समज जास्त असतो, असे म्हणावे तर दोन्ही अर्थ एकदम लागू पडतात.

जुन्या काळी ‘समाज’ म्हणजे नुसता जमाव, जत्रा, जलसा. सम्राट अशोकाने आपल्या पहिल्या शिलालेखात ‘समाज’ भरवू नयेत असे बजावले आहे, ते या अर्थाने. समाजात त्याला पुष्कळ दोष दिसत होते, काही थोडे समाज मात्र त्याला मान्य होते. हे वाचून आजच्या वाचकाला उगाच वाटते, की सम्राट महाशय मोठे क्रांतिकारक असावेत!

एकोणिसाव्या शतकात या शब्दाने नवा जन्म घेतला. कलकत्त्यात १८२८ साली ब्राह्मो समाज निघाला. मुंबईत १८६७ साली प्रार्थना समाज आला. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापला, आणि १८७५ साली मुंबईत आर्य समाज उभा राहिला. या साऱ्यांचे विचार वेगळे, मार्ग वेगळे. परंतु एक गोष्ट समान होती. या समाजांत कोणी जन्माने येत नव्हते. विचार पटला म्हणून माणूस आपल्या पायाने चालत येत होता, आणि पुष्कळदा घरच्यांचा रोष पत्करून येत होता. फुल्यांचा समाज तर जातीची उतरंड नाकारण्यासाठीच निघाला होता.

मग तोच शब्द जातीच्या फलकावर कसा जाऊन बसला? निवडून घेण्याची वस्तू जन्माबरोबर मिळणारी वस्तू कशी झाली? ‘जात’ म्हणायला जीभ अडखळू लागली, तेव्हा ‘समाज’ हा सोज्वळ शब्द तिच्या मदतीला धावून आला, असे मला वाटते. ‘आपल्या जातीतली मुलगी पाहिजे’ हे कानाला खटकते. ‘आपल्या समाजातली’ म्हटले की ऐकणारा मान डोलावतो. भाषेने जातीला नवा अंगरखा शिवून दिला. अंगातला माणूस तोच राहिला.

गावकी आणि सभासद

समाजशास्त्राच्या पहिल्या धड्यात समुदाय आणि संघ असा एक जोड असतो. जर्मन पंडित टोनीज याने १८८७ साली या भेदावर ग्रंथच लिहिला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे. काही संबंध नाते, शेजार आणि सहवास यांतून आपोआप वाढतात, तो समुदाय. काही संबंध विशिष्ट हेतूने, करार करून जोडले जातात, तो संघ. हे समजायला जर्मनीला जाण्याचे कारण नाही. कासारवडवलीच्या गावठाणातून शेजारच्या टॉवरमध्ये गेले की पुरे.

गावकरी होण्यासाठी अर्ज करावा लागत नाही. कोणाच्या घरी माणूस गेले तर निरोपाची वाट न पाहता गाव गोळा होतो. गावदेवीच्या जत्रेची वर्गणी कोणी बुडवली तर नातवाच्या लग्नापर्यंत ती आठवणीत राहते. सोसायटीचे तसे नाही. तिचा जन्म उपनिबंधकाच्या कचेरीत होतो, १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखाली तिची नोंद असते, सभासदाजवळ भागपत्र असते. प्रेम असो नसो, मेन्टेनन्स भरला की तो सभासद चोख. वार्षिक सभेला गणसंख्या भरत नाही, म्हणून ती अर्धा तास तहकूब होते आणि त्याच ठिकाणी, त्याच खुर्च्यांवर, त्याच सात माणसांत पुन्हा सुरू होते. संघ म्हणजे काय, ते याहून नेमके कोणता ग्रंथ सांगेल?

येथे शहरी माणसाला गावाचा उमाळा येतो. ‘काय ती जुनी माणुसकी!’ वगैरे. त्याने त्रिंबक नारायण आत्र्यांचा ‘गाव-गाडा’ वाचावा. १९१५ सालचे ते पुस्तक. बलुतेदार, अलुतेदार, वतनदार यांच्या आधाराने गावाचा गाडा कसा चालत होता, हे त्यात आहे. आणि तो गाडा कोठे कोठे रुतत होता आणि कोणाच्या पाठीवरून जात होता, हेही आहे. समुदायात ऊब असते, तशी कोंडीही असते. गावात माणूस एकटा पडत नाही हे खरे, पण त्याला एकटे राहताही येत नाही. टॉवरमध्ये दार लावले की प्रश्न मिटतो. म्हणून वारसाने मिळालेल्या गावातून कराराने मिळालेल्या घरात येताना कितीतरी माणसांनी, विशेषतः बायकांनी, सुटकेचा निःश्वास सोडलेला आहे.

मावशी कोणाची बहीण?

आता तो छाती दडपवणारा जोड घेऊ. अर्पित दर्जा आणि अर्जित दर्जा. अमेरिकन मानवशास्त्रज्ञ राल्फ लिंटन याने १९३६ साली ही विभागणी मांडली. जन्माबरोबर मिळतो तो अर्पित, स्वतः कमावला जातो तो अर्जित. मुलांना मी सांगतो, की अर्पित म्हणजे आडनाव आणि अर्जित म्हणजे आडनावापुढची पदवी. त्याच लिंटनने दर्जा आणि भूमिका यांतही भेद केला. दर्जा ही जागा; त्या जागेवर बसून जे करणे अपेक्षित आहे ती भूमिका.

हे सगळे सकाळी आठ वाजता आमच्या रस्त्यावर चालताबोलता दिसते. धुणीभांडी करणाऱ्या, पोळ्या लाटणाऱ्या, मुले सांभाळणाऱ्या शेकडो बायका या वेळी फाटकाशी ओळखपत्र दाखवून आत शिरतात. सारे त्यांना ‘मावशी’ म्हणतात. ऐंशी वर्षांचे आजोबाही म्हणतात आणि आठ वर्षांची नातही म्हणते. मावशी म्हणजे आईची बहीण. पण येथे ती एकदम तीन पिढ्यांची मावशी झालेली असते. वॉचमन ‘काका’ असतो, तो वयाने पंचविशीचा असला तरी. समाजशास्त्रात याला मानलेले नाते म्हणतात. मराठीत ‘मानलेला भाऊ’ फार पूर्वीपासून आहे, आणि तो रक्ताच्या भावापेक्षा कधी कधी जड ओझे वाहतो.

परंतु मावशी हा दर्जा आहे की भूमिका? खऱ्या मावशीला आपण खुर्ची देतो. या मावशीला कप देतो. तो कपही पुष्कळ घरांतून वेगळा असतो. कित्येक इमारतींत तिची लिफ्टही वेगळी असते. नाते जिभेवर, अंतर कपात. मायेचे शब्द पगाराच्या व्यवहारावर गोड साय धरतात हे खरे. पण सायीखालचे दूध किती कढत आहे हे पाहायचे असेल, तर मावशीने साप्ताहिक सुट्टी मागितली की काय होते ते पाहावे. त्या दिवशी ती मावशी राहत नाही. एकदम ‘ही माणसे’ या बहुवचनात जाऊन बसते.

रोटी आणि बेटी

परिभाषा आपण परक्यांकडून घेतो असे म्हणतात. पण दोन शब्द असे आहेत, की ते परभाषेतल्या अभ्यासकांनीच आपल्याकडून न्यावेत. रोटीव्यवहार आणि बेटीव्यवहार. कोण कोणाच्या पंक्तीला बसतो आणि कोण कोणाला मुलगी देतो, या दोन प्रश्नांत जातिव्यवस्थेचे निम्मे पुस्तक संपते.

मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ साली निघाला. पॅट्रिक गेडिस हे नगररचनेचे जाणकार त्याचे पहिले प्राध्यापक. १९२४ पासून तो विभाग गोविंद सदाशिव घुर्ये यांनी सांभाळला. मूळचे मालवणचे, आणि आधी संस्कृतचे अध्यापक. भाषेचा माणूस समाजशास्त्रात गेल्याचा हा दाखला मी मुलांना अभिमानाने देतो. घुर्यांनी १९३२ सालच्या ग्रंथात जातीची सहा लक्षणे सांगितली. समाजाचे तुकडे, त्यांची उतरंड, खाण्यापिण्यावरचे व सहवासावरचे निर्बंध, हक्क आणि बंधनांची विषम वाटणी, धंदा निवडण्याची मोकळीक नसणे, आणि लग्नावरची बंधने.

या सहांपैकी नेमके मर्माचे कोणते, हे त्याआधी सोळा वर्षे एका पंचविशीच्या विद्यार्थ्याने सांगून ठेवले होते. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. जातीचे सार अंतर्विवाहात आहे, म्हणजे आपल्याच गटात लग्न करण्याच्या सक्तीत आहे, हे त्यांचे प्रतिपादन. बाकीचे सारे या कुंपणाच्या राखणीसाठी.

अंतर्विवाहाचा जुळा भाऊ बहिर्विवाह. जातीबाहेर जायचे नाही, आणि गोत्राच्या किंवा देवकाच्या आत यायचे नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील इरावतीबाई कर्वे यांनी १९५३ साली भारतातल्या नातेसंबंधांचा नकाशाच मांडला. उत्तरेत मामाच्या मुलीशी लग्न हे पाप, तर आपल्याकडे अनेक जातींत मामाची मुलगी ही हक्काची वधू. उत्तर आणि दक्षिण यांच्या मध्ये महाराष्ट्र कसा उभा आहे, हे त्यांनी नात्यांच्या शब्दांवरून दाखवले. भावकी वेगळी, सोयरे वेगळे. एकाशी लग्न होत नाही आणि दुसऱ्याशीच होते. ‘अंतर्विवाह’ आणि ‘बहिर्विवाह’ हे शब्द पाठ होत नाहीत म्हणणारी मुलगी ‘सोयरीक’ आणि ‘भावकी’ यांत कधी घोटाळा करीत नाही. अर्थ तिला माहीत आहे. फक्त शास्त्राचे नाव माहीत नाही.

आता घोडबंदर रोडचा हिशेब मांडू. रोटीव्यवहाराचे कुंपण येथे पार मोडले आहे. गणपतीच्या महाप्रसादाला एका मंडपात बावीस आडनावे जेवतात. डोसा कोणी केला, बिर्याणी कोणी शिजवली, कोण विचारतो? धंद्याचे कुंपणही खिळखिळे झाले. बेटीव्यवहाराचे मात्र उभे आहे. २०११-१२ च्या एका देशव्यापी कौटुंबिक पाहणीत जातीबाहेरची लग्ने सुमारे पाच टक्केच आढळली. तोच मंडप, तीच माणसे. पण जेवण झाल्यावर प्रत्येक जण आपापल्या समाजाच्या वधूवर मेळाव्याला जातो. आंबेडकरांनी १९१६ साली बोट ठेवले होते ते नेमके ह्या खुंटीवर.

नमस्काराचा खटला

लग्नाची खुंटी शाबूत राहते ती रिवाजाच्या बळावर. रिवाजांचे समाजशास्त्राने दोन भाग केले आहेत, लोकरीती आणि लोकनीती. पाहुण्याला पाणी विचारणे ही लोकरीत. ती मोडली तर लोक नाक मुरडतात. लोकनीती मोडली तर लोक दार बंद करतात. सम्नर या अमेरिकन अभ्यासकाने १९०६ साली हा विचार ग्रंथरूपाने मांडला. त्याच्या दोन हजारांहून अधिक वर्षे आधी अशोकाने नवव्या शिलालेखात लोकरीतींची छोटीशी यादी दिली आहे. आजारपण, लग्न, अपत्यजन्म, प्रवास अशा प्रसंगी लोक नाना मंगलविधी करतात, त्यातून फारसे निष्पन्न होत नाही. नोकराचाकरांशी नीट वागणे हा खरा मंगलविधी, असे तो म्हणतो. या शिलालेखाचा एक तुकडा आमच्या खाडीपलीकडे सोपाऱ्याच्या परिसरात सापडलेला आहे. वर मावशीच्या कपाची गोष्ट निघाली, तेव्हा मला तो दगड आठवल्यावाचून राहिला नाही.

रिवाज मोडणाऱ्याला वठणीवर आणण्याच्या युक्त्यांना सामाजिक नियंत्रण म्हणतात. त्याचा एक मासलेवाईक दाखला आपल्याच इतिहासात आहे. पेशवाईत सोनारांनी ब्राह्मणी पद्धतीने धोतर नेसावे की नाही आणि एकमेकांना ‘नमस्कार’ म्हणावे की नाही, यावर मोठा वाद माजला. पुण्यात त्यांना मनाई झाली, आणि १७७९ साली मुंबईच्या कंपनी सरकारनेही सोनारांनी ‘नमस्कार’ हा शब्द वापरू नये असा हुकूम काढला. साध्या नमस्कारासाठी दोन राज्यांची सरकारे कामाला लागली!

या गोष्टीत आणखी एक संज्ञा दडली आहे. खालची समजली जाणारी जात वरच्या जातीचे आचार, पेहराव, विधी उचलून आपला दर्जा वाढवू पाहते, या हालचालीला म्हैसूरचे श्रीनिवास यांनी ‘संस्कृतीकरण’ असे नाव दिले. घुर्यांच्याच हाताखाली मुंबईत शिकलेले हे गृहस्थ. कूर्गच्या लोकांवरचे त्यांचे पुस्तक १९५२ साली आले. माझे विद्यार्थी ‘संस्कृतीकरण’ म्हणजे माणूस सुसंस्कृत होणे असा अर्थ लिहितात. तसा तो नाही. दुसऱ्याच्या जिन्यावरून वर चढण्याचा तो खटाटोप आहे, आणि वरचा माणूस बहुधा जिना ओढून घेतो. नमस्काराचा हुकूम निघाला तो असाच.

सामाजिक नियंत्रणाचे शेवटचे हत्यार म्हणजे वाळीत टाकणे. हुक्कापाणी बंद, सुतकाला खांदा नाही, लेकीला स्थळ नाही. महाराष्ट्राने याविरुद्ध कायदा केला. विधिमंडळाने तो २०१६ साली मंजूर केला आणि २०१७ साली तो अमलात आला. म्हणजे एकविसाव्या शतकात तो करावा लागला, हे ध्यानात घ्यावे. सोसायट्यांतून कोणी कोणाला वाळीत टाकत नाही. तेथे नुसते गटातून काढून टाकतात. भाडेकरू एकटा मुलगा असला, एकटी बाई असली, किंवा त्याच्या स्वयंपाकघरातला वास वेगळा असला, तर ‘जागा आता द्यायची नाही’ असे गोड शब्दांत सांगतात. कायद्याच्या कचाट्यात येईल असे त्यात काही नसते. बापजाद्यांपेक्षा नातवंडे हुशार निघाली, एवढाच फरक.

मनोरा

१९२० सालच्या जानेवारीच्या ३१ तारखेला ‘मूकनायक’ पत्राचा पहिला अंक निघाला. त्यात आंबेडकरांनी हिंदू समाजाला एका मनोऱ्याची उपमा दिली आहे. एकेक जात म्हणजे त्या मनोऱ्याचा एकेक मजला. आणि ह्या मनोऱ्याला शिडीच नाही. जो ज्या मजल्यावर जन्मला त्याने त्याच मजल्यावर मरावे. अर्पित दर्जा याहून स्पष्ट करणारे चित्र मला ठाऊक नाही.

शंभर वर्षांनी घोडबंदर रोडवर खरोखरीचे मनोरे उभे राहिले, आणि त्यांना लिफ्टही आल्या. पैसे टाका आणि हव्या त्या मजल्यावर चढा. ज्याच्या आजोबांना गावच्या विहिरीवर पाणी भरू दिले जात नव्हते, तो आज विसाव्या मजल्यावर नळ सोडतो. ही लहान गोष्ट नव्हे. समाजशास्त्र याला सामाजिक गतिशीलता म्हणते. या रस्त्याने ती हजारो कुटुंबांना दिलेली आहे आणि त्याबद्दल त्याचे ऋण मानले पाहिजे.

तथापि, लिफ्ट मिळाली म्हणून मजले गेले असे होत नाही. २००५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण सोसायटीचे प्रकरण आले होते. सभासदत्व फक्त पारशांनाच, असा तिचा पोटनियम. न्यायालयाने तो वैध ठरवला. सहकारी संस्थेला आपले सभासद कोण हे ठरवण्याचे स्वातंत्र्य आहे, असा त्या निकालाचा आशय. पारशांची संख्या मूठभर, त्यांची काळजी समजण्यासारखी आहे. पण तत्त्व म्हणून पाहिले तर ‘सोसायटी’ आणि फलकावरचा ‘समाज’ येथे एकमेकांना कडकडून भेटतात. इमारत आणि जात एक झाली, की मनोरा पुन्हा तोच. यावेळी फक्त सिमेंटचा.

अडचण आणि प्रश्न

मग सगळ्यांना मिळून लावायचा तो ‘समाज’ कोठेच नाही काय? आहे. त्याचा पत्ता मला सी. राइट मिल्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञामुळे कळला. १९५९ साली त्याने एक साधी गोष्ट सांगितली. खाजगी अडचण निराळी, सार्वजनिक प्रश्न निराळा. लाखाच्या गावात एकाची नोकरी गेली तर ती त्याची अडचण. हजारोंची गेली तर तो प्रश्न. समाजशास्त्राची दृष्टी म्हणजे आपल्या अडचणीत सर्वांचा प्रश्न ओळखण्याची ताकद.

गायमुखच्या घाटात सकाळी वाहने खोळंबतात. मोटारीतला साहेब घड्याळ पाहतो, रिक्षावाला कपाळाला हात लावतो, बसमधली परिचारिका ‘आज पुन्हा लेटमार्क’ म्हणून ओठ चावते. प्रत्येकाला वाटते, की हे माझे नशीब. सगळ्यांचे नशीब एकाच वळणावर अडकले असेल तर ते नशीब नव्हे. तो रस्त्याचा, नियोजनाचा, आधी घरे आणि मग वाट अशा उलट्या क्रमाचा प्रश्न आहे. पाण्याचेही तसेच. टॉवरच्या टाक्यांत टँकर ओततात, आणि गावठाणात व डोंगरातल्या पाड्यांवर बाया हंडे घेऊन उभ्या असतात. २०१७ साली घोडबंदरच्या पाण्याचा वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. पाण्याची सोय नसताना नव्या इमारतींना परवानगी कशी, हा त्यातला मुद्दा होता. पाण्याला जात नसते असे आपण भाषणात म्हणतो. पाणी नसते तेव्हा तिची जात खरोखरच सुटते. विसावा मजला आणि येऊरचा पाडा एकाच पंक्तीला येऊन बसतात. फक्त त्यांनी एकमेकांकडे पाहिलेले नसते.

त्यांनी एकमेकांकडे पाहिले, तर तो समाज. फुल्यांच्या काळी लोक विचारासाठी आपल्या पायांनी चालत ज्या समाजात येत होते, त्याच्याशी याचे नाते आहे. तो जन्माने मिळत नाही आणि मेन्टेनन्स भरूनही मिळत नाही. समाजशास्त्राच्या भाषेत सांगायचे, तर तो अर्जित आहे, कमवावा लागतो.

म्हणून मुलांना मी म्हणतो, हे बोजड शब्द फेकून देऊ नका. ‘अंतर्विवाह’ म्हटल्यावर ‘आपल्या समाजातली मुलगी’ या गोड बोलाचा अंगरखा गळून पडतो. ‘अर्पित दर्जा’ म्हटल्यावर वेगळा कप दिसू लागतो. ‘सार्वजनिक प्रश्न’ म्हटल्यावर नशिबाला बोल लावणे थांबते. घरगुती शब्द आपल्याला सवयीने दिसेनासे झालेले असतात. परका शब्द ठेच लागल्यासारखा पायात येतो आणि खाली पाहायला लावतो. तेवढे काम त्याने केले, की मग त्याला खुशाल मराठी करा.

दिवाळीत आमच्या रस्त्यावर सगळ्या मजल्यांवर आकाशकंदील लागतात. लांबून, खाडीच्या बाजूने पाहिले तर कोणता दिवा टॉवरचा, कोणता गावठाणातला आणि कोणता डोंगरातल्या पाड्याचा, ते ओळखता येत नाही. जवळ गेले की ओळखू येते. समाजशास्त्र आपल्याला जवळ जायला शिकवते. जवळ गेल्यावर फरक दिसूनही ज्याला या सगळ्या दिव्यांना मिळून एकच शब्द वापरावासा वाटेल, त्याला ‘समाज’ या शब्दातल्या कान्याचा अर्थ कळला असे मी समजेन.